काठावर कुणी येत नाही

रोज सकाळी तोंड धुण्याच्याही आधी कुसाबाई धरणाच्या काठाला जाई आणि पाणी जिथे मातीला टेकलेलं असे तिथे बांबूची एक काडी रोवून येई. दुसऱ्या दिवशी पाणी त्या काडीपासून किती वीत मागे सरलं ते बघायचं, कालची काडी उपटायची, नव्या जागी रोवायची. पावसाळ्यात उलटं. तेव्हा काडी पाण्यात उभी दिसायची, कधी तिचं नुसतं टोक, कधी तेही नाही. आज होडी कुठे लावायची, उतरणाऱ्यांसाठी दगड कुठे मांडायचे, हे ती त्यावरून ठरवी. कारण बेलओहोळ धरणाचा काठ काही नाशिकच्या घाटासारखा बांधलेला नव्हता. तो चालता काठ होता. भाद्रपदात टाकेपाड्याच्या शेवटच्या घराच्या ओट्याला लागलेलं पाणी वैशाखात अर्धा मैल खाली गेलेलं असे, आणि त्याच्या मागोमाग कुसाबाईचे दगडही.

धरण भरलं ते शहात्तर साली. त्याआधी टाकेपाडा आणि समोरचं कोळमदरा यांच्यामध्ये एक लहान नदी होती, उन्हाळ्यात घोट्याएवढी. कुसाबाईची धाकटी बहीण मैना कोळमदऱ्याला दिलेली. चुलीवर भात चढवून निघावं, बहिणीशी चार शब्द बोलावे आणि भात करपायच्या आत परत यावं, एवढंच ते अंतर. धरण भरलं आणि तेच अंतर रस्त्याने एकतीस किलोमीटर झालं. तेही जीप मिळाली तर, आणि दोन ठिकाणी बदलून.

सावळीरामने, म्हणजे कुसाबाईच्या नवऱ्याने, पत्र्याची होडी करून घेतली ती गावासाठी नव्हे. बायको रोज संध्याकाळी काठावर बसून पलीकडे बघत राहते, हे त्याला बघवेना म्हणून. मग हळूहळू गावही त्या होडीत बसू लागलं. एक्याऐंशी साली तो तापाने गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुसाबाईने वल्हं हातात घेतलं. बाईच्या होडीत बसायचं म्हणजे कसं, असं म्हणणारे दोघे-तिघे महिनाभर रस्त्याने जात-येत राहिले. एकेक करून तेही गुपचूप परत आले.

काठाचा दिवस ठरलेला असे. पहिल्या खेपेला कोळमदऱ्याच्या दुधाच्या बरण्या येत, दुसऱ्या खेपेला शाळेचे मास्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. ऊन वर आलं की बायका धुणं घेऊन उतरत. त्यांची जागा मोठ्या खडकाच्या अलीकडे, गुरांची पलीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये कुणी मासे धरायला बसलेलं. दिवाळीनंतर पाणी सरू लागलं की खालचा गाळ उघडा पडे, काळा, लोण्यासारखा मऊ. त्यात नांगर लावायचीही गरज नसे. लोक हरभरा पेरत, वाल पेरत, पुढे उन्हाळ्यात काकड्या आणि टरबुजं. कुणाचा पट्टा कुठून कुठवर हे बांध न घालता सगळ्यांना ठाऊक असे. लगीनसराईत होडीतून नवऱ्या जात. एकदा मधोमध पोचल्यावर एक नवरी रडायला लागली, तेव्हा कुसाबाईने वल्हं थांबवून तिला खाली पाण्यात बघायला लावलं. म्हणाली, "रडू नको, आत्ता आपण तुझ्या आजीच्या अंगनावरून चाललोय. खालीच हाय ते." नवरी आणखी जोराने रडली. कुसाबाई पुढे हा किस्सा सांगताना स्वतःलाच हसायची.

आणि हे सगळं बेकायदा होतं.

जमीन धरणाची, पाणी धरणाचं, मासे ठेकेदाराचे. होडीला परवाना नव्हता. गाळात पेरणं म्हणजे अतिक्रमण. वर्षातून तीन-चारदा पाटबंधारे खात्याची जीप येई आणि उभा हरभरा उपटून जाई, जाळी उचलून नेई. मग गावाने एक रीत बसवली. खिंडीच्या वळणावर धूळ दिसली की वर गुरं चारणारा शीळ घाली. होडी करवंदीच्या जाळीत जाई, बायका ओलं धुणं पाटीत कोंबून वर पळत, माशांची जाळी पालापाचोळ्याखाली जात. जीप काठाला येईपर्यंत काठावर उरे फक्त कुसाबाई आणि तिच्या चार शेळ्या. साहेबाशी बोलायचं काम तिचं. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. पण ती ते इतकं झकास करी की दुसऱ्या कुणाला कधी पुढे व्हावं लागलं नाही.

"इथं शेती कोण करतं?" साहेब विचारी.

"शेती? अन् हितं? साप लय हायेत साहेब. काठावर कुनी येत नाय."

"मग हा हरभरा?"

"पाखरं दानं टाकत्यात."

"इतक्या सरळ रेघेत?"

"आमच्याकडची पाखरं शानी हायेत."

एखादा साहेब हसून निघून जाई, एखादा शिव्या घालून. पण कुणाचं नाव कधी कागदावर चढलं नाही. जीप वळली की लोक जाळीतून बाहेर येत आणि तिच्या दिराचा मुलगा झुंबर मोठ्याने म्हणे, "काकू, तुला तमाशात धाडली असती तर घर वर आलं असतं!"

"तुझ्या बापाला इचार, त्यानंच धाडली नाय," ती म्हणे, आणि सगळा काठ हसे.

यामागे आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ती हसत सांगत नसे. धरणाची मोजणी चालू होती तेव्हा तिच्या बापाला एका मोजणीदाराने प्रेमाने बसवून घेतलं होतं. "आजोबा, जे आहे ते खरं सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे." बापाने खरं सांगितलं. नदीकाठची तीन खाचरं माझ्या आज्यापासून आम्ही लावतो, पण त्याचा कागद नाही. मोजणीदाराने तेवढं लिहून घेतलं, अंगठा घेतला. पुढे मोबदल्याच्या यादीत ती तीन खाचरं नव्हती. कागद नाही असं मालकच म्हणतो, म्हणजे जमीन सरकारी. बाप मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला, "मीच सांगितलं की." कुसाबाईने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात झुंबर तिच्या ओट्यावर येऊन बसला. तो तेव्हा ग्रामपंचायतीत निवडून आला होता आणि शर्टाच्या खिशाला पेन लावू लागला होता.

"काकू, परवापासून मानसं येनार हायेत. लागोपाठ तीन दिवस. पंचायतीत कागद आलाय."

"काय लिवलंय त्याच्यात?"

"लिवलंय काय, नेहमीचंच. पाहणी. काठाची पाहणी." त्याने कागद पूर्ण वाचला नव्हता. चार पानं होती आणि मराठी सरकारी होतं. "तीन दिवस काठ मोकळा ठेवायचा. होडी बंद. तू हायेसच."

"तीन दिवस मैनीला कसं कळवू? ती रोज काठाला येती."

"कळंल की. होडी दिसली नाय की जाईल घरी."

आली ती खात्याची जीप नव्हती. पांढरी गाडी होती, शहरातली. दोन पोरगे कॅमेरा लावून खडकावर बसले आणि तेजस्विनी नावाची एक मुलगी छापील कागद चिमट्यात लावलेला पुठ्ठा घेऊन कुसाबाईकडे आली. नाशिकचीच होती, कॉलेज नुकतंच संपलेलं. पायातल्या चपला काढून ती समोर खाली बसली. खात्याचा माणूस कधी असा बसत नसे.

"मावशी, हा काठ लोक कशाकशासाठी वापरतात ते आम्ही लिहून घेतोय. धुणं, गुरं, मासे, पलीकडे येणं-जाणं. काहीही."

"काठावर कुनी येत नाय."

"कुणीच नाही?"

"साप लय हायेत."

मुलीने पहिल्या दिवशी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळी लवकर आली, तिसऱ्या दिवशी दुपारी. प्रत्येक वेळी काठ साफ रिकामा. पण तिला डोळे होते. खडकाच्या खाचेत तिला साबणाचा झिजलेला तुकडा सापडला. पाण्याजवळचे दगड तिने निरखून बघितले.

"मावशी, हे दगड इतके ओळीने कुणी लावले?"

"पुरानं."

मुलगी हसली. मग हसू आवरून हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, इथे मोठं काम येणार आहे. बोटींचा धक्का होणार, फिरायला लोक येणार. त्याला मरीना म्हणतात. त्याच्या आधी इथे कोण काय करतं हे कागदावर यायला पाहिजे. जे आहे ते खरं सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

कुसाबाईला पोरीचा चेहरा आवडला होता. तिला पाणी द्यावं, गुळाचा खडा द्यावा असं पहिल्या दिवसापासून मनात येत होतं. पण मग ते शेवटचं वाक्य आलं. तेच शब्द, तोच गोड आवाज. तिने शेळीच्या मानेला हात घातला आणि ती पाण्याकडे बघू लागली.

पलीकडच्या काठावर लाल लुगडं दिसत होतं. मैना. तीन दिवस ती येत होती आणि होडीची वाट बघत उभी राहत होती. कुसाबाईला तिचा उजव्या पायावर भार देऊन उभं राहण्याचा बाक एवढ्या लांबूनही ओळखू येत होता.

मुलीनेही तिकडे बघितलं. "पलीकडे कुणी उभं आहे ना? तिकडची माणसं इकडे येतात का?"

"न्हाय," कुसाबाई म्हणाली. "कुनाचं तरी लुगडं वाळत पडलंय."

मुलीने पुन्हा एकदा पलीकडे बघितलं. मग तिने कागद पुढे केला. तिन्ही दिवसांच्या कागदांवर कुसाबाईने अंगठा दिला. गाडी खिंडीआड गेल्यावर लोक खाली आले, झुंबरने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या संध्याकाळी चार घरांतून तिच्याकडे कालवण आलं.

नोटीस आली ती दोन हजार चारच्या मार्चमध्ये. टाकेपाड्याचा काठ पर्यटनासाठी घेणार, हरकत असेल त्याने तालुक्याला सुनावणीला यावं. गावच्या गाव गेलं. मैनाही आली, आदल्या दिवशी निघून, जीप बदलत. झुंबर पेन लावून उभा राहिला आणि चांगलं बोलला. धुणं, गुरं, गाळातली पिकं, होडी, दुधाच्या बरण्या. कुसाबाईला वाटलं, एवढं सगळं आपल्या काठावर होतं हे आपणही कधी असं एका दमात ऐकलं नव्हतं.

साहेब शांतपणे ऐकत होता. माणूस वाईट नव्हता. त्याने समोरची फाइल उघडली. "हा पाहणीचा अहवाल. तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी. फोटो आहेत, बघा. काठ रिकामा. आणि हा स्थानिक रहिवाशाचा जबाब." त्याने चष्मा लावून वाचलं. "काठावर कुणी येत नाही. सापांचा उपद्रव आहे. पलीकडच्या गावाशी दळणवळण नाही." मग त्याने नाव वाचलं, आणि सगळे मान वळवून कुसाबाईकडे बघू लागले.

"साहेब, म्हातारं मानूस," झुंबर घाईघाईने म्हणाला. "तिला काय कळतंय? काय तरी बोलून गेली."

"बरं. मग तुम्ही सगळे तीन दिवस कुठे होतात?"

लपलो होतो म्हणावं तर का लपलात, ते सांगावं लागलं असतं. पंखा फिरत होता. कुसाबाई झुंबरच्या तोंडाकडे बघत राहिली. तो आता सांगेल, काकूला आम्हीच उभी केली म्हणून. तो पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

सुनावणी उरकून लोक बाहेर पायऱ्यांवर आले. बायका तिला सोडून दोन पायऱ्या खाली जाऊन बसल्या. कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "तोंडाळपना नडला." मैना तेवढी जवळ आली. तिच्या हातात कागदात बांधलेली भजी होती, तिने ती बहिणीपुढे धरली. कुसाबाईने एक घेतलं.

"आक्का," मैना म्हणाली, "काठावर कुनी येत नाय म्हनलीस. मंग मी कोन व्हते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कुसाबाईला काही बोलता आलं असतं.

धक्का दोन हजार सहाला झाला. सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडा, कारंजं, चारही बाजूंनी तारेचं कुंपण. भाद्रपदात उद्घाटन झालं तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलेलं होतं आणि सगळं फार देखणं दिसत होतं. डिसेंबरात पाणी शेवटची पायरी सोडून गेलं. होळीपर्यंत धक्का कोरडा पडला आणि बोटी गाळात आडव्या झाल्या. मग यंत्राने चर खणून बोटी पाण्यापर्यंत ओढाव्या लागल्या. मधला सगळा काळा, मऊ गाळ कुंपणाच्या आत उन्हाने तडकत पडून राहिला. तिथे पेरायला आता कुणाला जाता येत नव्हतं.

कुसाबाईची होडी बिनपरवाना म्हणून जप्त झाली होती. तिला निळा रंग देऊन फाटकाशी ठेवली आणि तिच्यात माती भरून शेवंती लावली. झुंबर बोटीवर नोकरीला लागला. नारिंगी जाकीट आणि शिट्टी.

रविवारी नाशिकहून गाड्या येत. माणसं बोटीत बसत, ओरडत, फोटो काढत, आणि पाण्यावर एक मोठा गोल मारून निघाल्या जागी उतरत. कुसाबाई कुंपणाला धरून ते बघत राही. तिला त्याचा उलगडाच होत नसे. "कुटं जायाचंच नाय तर बसायचं कशाला?" ती शेजारणीला विचारी. शेजारीण कधी उत्तर देई, कधी नाही. सुनावणीपासून हे असंच होतं.

एके दिवशी, मधल्या वारी, गर्दी नसताना ती फाटकातून आत गेली आणि बोटीत जाऊन बसली. झुंबरने तिला बघितलं. उठ म्हणायला त्याची जीभ रेटेना. बोट निघाली. मधोमध आल्यावर कुसाबाईने सवयीने खाली बघितलं, आणि मग ती म्हणाली, "झुंबर, कोळमदऱ्याला लाव. मैनीकडं उतरते."

"काकू, तिथं उतरवायची परवानगी नाय."

"दगडावर उतरते. धक्का नको मला."

"कॅमेरा हाय काकू. नोकरी जाईल माझी."

बोट पलीकडच्या काठाच्या इतकी जवळून वळली की मैना धुणं धुताना दिसली. यंत्राच्या आवाजाने तिने मान वर केली. कुसाबाईने हात केला. मैनाने कपाळावर आडवा हात धरून बघितलं. रविवारचेही लोक बोटीतून असेच हात करतात. ती पुन्हा खाली वाकून लुगडं आपटू लागली.

"वळखलं नाय तिनं," झुंबर म्हणाला.

"यंत्राच्या बोटीत मला कशी वळखंल," कुसाबाई म्हणाली. परत आल्यावर ती पायऱ्या चढून तडक घरी गेली. त्यानंतर कुंपणापाशी ती कुणाला दिसली नाही.

बहिणींची गाठ आता पेठच्या आठवडे बाजारात पडे. कुसाबाई इकडून यायची, मैना तिकडून. मिरच्या, सुकट, गुडघ्यांचं दुखणं, सुना, याच्यावर बोलणं चाले. पायऱ्यांवर विचारलेलं मैनाने पुन्हा कधी काढलं नाही. कुसाबाईला मात्र दर बाजारी वाटे, आज सांगावं. तीन दिवस तू उभी होतीस ते मला दिसत होतं, तुझ्या पायाचा बाकसुद्धा दिसत होता, म्हणून सांगावं. येताना जीपमध्ये ती मनाशी शब्द जुळवत यायची. मग मैना समोर आली की ते शब्द फार मोठे वाटायचे, आणि ती सुकटीचा भाव विचारायची.

दोन हजार आठच्या पौषात ती गेली, छातीत कळ येऊन, शेळ्यांना पाला टाकता टाकता. निरोप रस्त्याने गेला आणि मैनाही रस्त्याने आली. ती पोचली तेव्हा सगळं उरकून लोक आंघोळी करून परतले होते. आंघोळीलाही आता वरच्या ओहोळावर जावं लागे.

त्याच्या पाच दिवस आधी बाजार होता. त्या दिवशी बोलणं जवळपास ओठांवर आलं होतं. दोघी जीपगाड्यांच्या अड्ड्यावर उभ्या होत्या. कुसाबाईने मैनाचा हात धरला, "मैने," म्हणाली, आणि तेवढ्यात कोळमदऱ्याकडची जीप भरत आली म्हणून ड्रायव्हर ओरडायला लागला. माणसं आत घुसली. कुसाबाईने बहिणीला मागून रेटून वर चढवलं, खालची पिशवी उचलून आत दिली आणि म्हणाली, "मधी बसू नको, आवळतं. खिडकीकडं सरक, आन् पिशवी मांडीवर घे."